सात रांजणांचा पंचनामा

आमच्या बेलीफकाकांनी चिखलदऱ्याच्या दरीचा पंचनामा केला, त्यात असं लिहिलं होतं : "सकाळी साडेनऊ वाजता जागेवर हजर झालो असता सर्वत्र धुके होते. दरी आढळून आली नाही. दरी तेथेच असल्याचे चहाची गाडी लावणाऱ्या इसमाने सांगितले. परंतु ते ऐकीव असल्याने नोंदविले नाही." खाली पंच म्हणून माझी सही. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा एस.टी.ने चिखलदऱ्याला गेलो. दरी आढळली. पुरवणी पंचनामा झाला.

काका, म्हणजे मनोहरराव, अकोल्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं बेलीफ होते. समन्स बजावायचं, घराचा ताबा द्यायचा, जप्तीतली भांडी लिहून घ्यायची. निवृत्त झाले तेव्हा लोकांची घरं संपली आणि नद्या, धबधबे, खडक सुरू झाले. जुन्या शहरात आम्ही एकाच गल्लीत राहायचो; मी हायस्कूलचा मास्तर, बोलण्यात कमी. तेच त्यांना आवडलं असावं. "मले असाच पंच पाह्यजे," ते म्हणाले होते. "पाह्यते अन् गप राह्यते." कोर्टात दोन पंच लागतात, असं मी एकदा म्हणालो. "इथं एक पुरे. नदी काई अपिलात जात नाई."

चौदा वर्षांत अशा किती कागदांवर सह्या केल्या ते मी मोजलं नाही. त्यातली एक खोटी आहे. तेच सांगायला बसलो आहे. पण आधी काका कळायला हवेत. नाहीतर ती सही किती खोटी होती ते कळणार नाही.

काकांचा एकच प्रश्न असे : "समक्ष पाह्यलं काय?" पेपरातली बातमी असो की शेजारच्या सुनेची भानगड, हा प्रश्न आला की सांगणारा गार पडे. गल्लीत भाजी आणणारी माळीणबाई मात्र गार पडली नाही. वांगी आजच तोडली म्हणाली, तर यांचं ठरलेलं, समक्ष पाह्यलं काय? "मीच तोडले ना बापा! पंच पाह्यजे असन त नवऱ्याले बोलावतो. तो बांधावर झोपला होता, थेबी लिहून घ्या." काकांनी त्या दिवशी दीड किलो वांगी घेतली.

पंचनामा कोर्टाच्या पद्धतीनंच व्हायचा. आधी पंचाचं नाव, वय, धंदा, राहणार. मग चारी दिशांच्या सीमा. मग मजकूर. बाळापूरच्या किल्ल्याखाली मन आणि म्हैस या नद्या मिळतात, तिथला मजकूर मला पाठ आहे : "दोन्ही नद्या एकमेकींत मिळाल्याचे दिसले. मिळाल्यानंतर कोणती कोणाची हे ओळखता आले नाही. तक्रार नाही." अंदाजाला जागा नव्हती. खिशात गाठी मारलेली सुतळी असायची, तिनं खडक मोजायचा, झाडाचा घेर मोजायचा. खाडाखोड झालीच तर एक सरळ रेघ, आणि तिच्याशेजारी पंचाची बारीक सही. एकदा 'पूर्वेस' खोडून 'पश्चिमेस' केलं होतं आणि सही राहिली होती. परतवाड्याच्या बसस्टँडवर ते त्यांच्या ध्यानात आलं. पिशवी उघडून कागद सापडेपर्यंत आमची एस.टी. निघून गेली.

हे सगळं कशासाठी, हे मला वर्षभर कळलं नव्हतं. एका रविवारी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो आणि काकूंनी आत बोलावलं.

नोकरीत असताना काकांना रजा कधी जमली नाही. काकू कुठं जायचं म्हणाल्या की उत्तर ठरलेलं : रिटायर झालो की फिरू. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात काकू मोरीत पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पलंगापासून ओसरीतल्या खुर्चीपर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास राहिला. म्हणून काका रविवारी जाऊन यायचे आणि संध्याकाळी खुर्चीसमोर उभे राहून, साहेबापुढं वाचावं तसा पंचनामा वाचायचे. काकू डोळे मिटून ऐकायच्या.

"पान्याचा आवाज कसा होता, ते लिवलंच नाई," त्या रविवारी वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या.

"आवाज पंचनाम्यात येत नाई, कमल."

"मंग कायचा पंचनामा?"

पुढच्या कागदापासून मजकुराखाली एक ओळ वाढली. आवाज : मोठा. पंचास ओरडून सांगावे लागले.

काकूंचं माहेर मोर्शीच्या पलीकडं, संत्र्यांच्या बागांतलं. भाऊ शेत विकून कधीच निघून गेले होते, गावात कोणी नव्हतं. पण गावाखालच्या नदीत खडकावर पाण्यानं आणि गोट्यांनी फिरून फिरून कोरलेले सात खोल खळगे होते. गाव त्यांना सात रांजण म्हणे. सगळ्यात लहान सातवा. त्यात लहानपणी काकू गळ्याइतक्या पाण्यात बसायच्या. सगळ्या पंचनाम्यांच्या शेवटी त्या तेवढंच विचारायच्या, "आमचे रांजण असतीन काहो अजून?" काकांचं ठरलं होतं, रांजण पाहायला पुढच्या वर्षी जायचं. मग त्यांच्याच हृदयात दोन स्टेंट बसले आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला.

चार वर्षांपूर्वी वैशाखात मला मोर्शीला लग्नाला जायचं होतं. ते कळल्यावर काका स्वतः माझ्या घरी आले. "मास्तर, तिथून आठ किलोमीटर आहे फक्त. जाऊन पाहून ये. तू सांगजो, मी लिहितो. पंच समक्ष असला म्हणजे भागते."

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. लग्नाचं जेवण जड झालं, बाहेर ऊन मी म्हणत होतं, रिक्षावाला त्या रस्त्याला यायला तयार नव्हता. खरं म्हणजे मी एकाच रिक्षावाल्याला विचारलं. मग मांडवात कूलरसमोर झोपलो.

दुसऱ्या दिवशी काका कागद घेऊन बसले होते आणि काकूंनी केस विंचरून घेतले होते. त्या विंचरलेल्या केसांपुढं मला "नाही गेलो" म्हणता आलं नाही.

"सातही आहेत ना?"

"हो काकू."

"सातव्याची कड उगवतीकडून तुटली आहे. दिसली?"

"दिसली."

"उन्हाळ्यात आवाज नसते तिथं. पण खडा टाकला त घुमते."

"घुमतो," मी म्हणालो.

काका लिहीत होते. वर न पाहता त्यांनी कागद पुढं केला. मी सही केली. काकू त्या संध्याकाळी दोन वेळा हसल्या. माझ्या बायकोला मी आजवर हे सांगितलं नाही.

काकू या पावसाळ्यानंतर गेल्या. तेरावं झाल्यावर काका म्हणाले, "आता डॉक्टरले विचारत नाई. चाल." मार्गशीर्षात आम्ही निघालो. अमरावतीला गाडी बदलली, मोर्शीला रिक्षा मिळाली. पहिलीच तयार झाली. आठ किलोमीटरमध्ये बोलायला मला सोळा वेळा तोंड उघडता आलं असतं. सातही दिसले, कड तुटलेली दिसली, की माझी सही आपोआप खरी होईल, असा हिशेब करत मी गप्प बसलो.

नदीवर सिमेंटचा बंधारा होता. मागं हिरवट पाणी साचलेलं. काठावर एकजण संत्र्यांच्या पेट्या भरत होता.

"सात रांजण कुठी आहे भाऊ?" काकांनी विचारलं.

"रांजण? ते त पान्याखाली गेले, काकाजी. बंधाऱ्याले दहा वर्सं झाले."

"उन्हाळ्यात उघडे पडत असतीन?"

"कायचे पडते! वैशाखातबी कंबरभर पानी राह्यते. अन् खाली गाळ."

दहातून चार वजा करायला काकांना कागद लागत नव्हता. त्यांनी पिशवीतून तो पंचनामा काढला आणि पाण्याकडं तोंड करून, ओसरीत वाचायचे त्याच आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पेटीवाला हातात संत्रं धरून ऐकत राहिला.

मग ते म्हणाले, "काहून रे, मास्तर?"

"ऊन होतं, काका."

"हो. वैशाख होता."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "फाडून टाका तो."

"फाडू काहून? मजकूर खरा आहे." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "सात आहे, कड तुटली आहे, खडा घुमते. यातलं तू काय सांगतलं? तू नुसता हो हो करत होता. सांगत त ती होती. समक्ष तिनं पाह्यलं होतं. पंच तेवढा चुकला."

ते गुडघे धरत बंधाऱ्याच्या कठड्याशी बसले. कागद काँक्रीटवर ठेवला. माझं नाव, वय, धंदा, राहणार, सही, सगळ्यावरून त्यांनी एकेक सरळ रेघ ओढली. खाली सावकाश लिहिलं : कु. कमल. पुढं तिच्या वडलांचं नाव, माहेरचं आडनाव. राहणार, हेच गाव. वय वर्षे नऊ. धंदा या शब्दापाशी पेन थांबलं. पेटीवाल्याची एक पेटी भरून झाली, तो दुसरीला लागला. मग त्यांनी लिहिलं : खेळणे.

सहीची जागा कोरी राहिली. त्या जागेवरून ते अंगठा फिरवत होते. वाळलेल्या शाईवरून फिरवावा तसा.

नंतर त्यांनी पेन माझ्याकडं केलं.

"खाडाखोडीवर सही कर."

"मी?"

"मंग कोन करन? नाव तुहं खोडलं आहे."

मी सही केली. काकांनी चष्मा कपाळावर घेतला आणि वाकून, ती पूर्ण होईपर्यंत, पाहिली.