नाडगौडा काकांचा गव्हर्नर

आमच्या इमारतीत कुणी 'राज्यपाल' हा शब्द उच्चारला, तर नाडगौडा काका लिफ्टचं दार पायाने अडवून धरतात.

"राज्यपाल नव्हे. गव्हर्नर! राज्यपाल दुसऱ्यांना शपथ देतो, गव्हर्नर स्वतः घेतो. लोकांनी निवडून दिलेला असतो तो. आपल्या भाषेत मुख्यमंत्रीच समज."

आता नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावातल्या एका लिफ्टमध्ये राज्यपालांचा विषय निघतोच कशाला, असं तुम्हाला वाटेल. तो निघत नाही, काका काढतात. "काय गं, आपल्याकडे सध्या राज्यपाल कोण आहे?" असं अगदी भोळेपणाने विचारतात आणि समोरचा फसला की पाय पुढे करतात.

काका सांगलीजवळच्या एका पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बायको गेल्यावर मुलीकडे, मानसीकडे, राहायला आले. मानसी आणि तिचा नवरा दोघंही आयटीत, सकाळी सायकली काढून स्टेशनकडे पळतात. नात ईरा शाळेत. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि आठवड्यातले काही दिवस घरून काम करते. घरून काम म्हणजे काम नाही, अशी काकांची प्रामाणिक समजूत आहे. त्यामुळे त्यांच्या गव्हर्नरचं चरित्र माझ्याइतकं कुणालाच पाठ नाही.

तरुणपणी काका शेतीची यंत्रं शिकायला अमेरिकेत, मक्याच्या एका राज्यात गेले होते. वडील आजारी पडले म्हणून वर्षभरात परतले. पण त्या वर्षात वसतिगृहात त्यांच्या खोलीत राहणारा वॉल्टर पुढे त्या राज्याचा गव्हर्नर झाला, एकदा नाही, दोनदा.

हा वॉल्टर काकांच्या तोंडून ऐकावा. डुकरं पाळणाऱ्याचा मुलगा. पहिल्या निवडणुकीत आपटला, कारण शेतकऱ्यांवर छाप पाडायला भरसभेत कच्ची कणसं खाल्ली आणि मतदानाच्या दिवशी पोट धरून घरी पडला. दुसऱ्या खेपेला मात्र राज्यातल्या प्रत्येक गोठ्यात जाऊन आला. मोठा पूर आला तेव्हा स्वतः होडी वल्हवत गेला आणि एका म्हातारीला तिच्या पियानोसकट बाहेर काढलं. बर्फाच्या वादळात राजधानीची वीज गेली, तर विधानभवनात अडकलेल्या विरोधकांना त्याने स्वतःच्या हाताने मुगाची खिचडी करून वाढली. "खिचडी कुणी शिकवली असेल?" असं विचारून काका थांबतात. उत्तर आपण द्यायचं असतं.

वॉल्टरशिवाय काकांचं पान हलत नाही. इमारतीच्या मालकांची सभा भरली होती, जिन्याखाली सायकली लावायच्या की नाही यावर. काका मानसीच्या वतीने गेले आणि इंग्रजीत म्हणाले, "वॉल्टर असता तर आधी सगळ्यांना कॉफी दिली असती." वरच्या मजल्यावरच्या मारेयके बाईंनी अदबीने विचारलं, "हा वॉल्टर तुमचा भाऊ का?"

"ऑलमोस्ट," काका म्हणाले.

घरात मात्र त्यांना कुणी विचारत नाही. जेवताना त्यांनी "आमचा वॉल्टर" एवढं म्हटलं, की ईरा डचमध्ये कळवळते, "ओपा, निट वेअर वॉल्टर!" आजोबा, पुन्हा वॉल्टर नको. मग काका मुकाट्याने आमटी वाढून घेतात.

गेल्या वसंतात मला ऑफिसच्या कामात एक जाहिरात दिसली. हेगमध्ये पूरनियंत्रणावर व्याख्यान, वक्ते कुठल्याशा अमेरिकन राज्याचे माजी गव्हर्नर. नाव वाचलं आणि मी जवळजवळ धावतच वर गेले.

मला वाटलं होतं, काका उडी मारतील. ते खुर्चीत बसले. "इथे येणार? हेगला?" बराच वेळ चष्मा पुसला. "जायलाच पाहिजे का?"

"काका, तुमचा वॉल्टर!"

"हो, हो. जाऊ या ना," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी केस कापून आले.

व्याख्यानाला ते टाय लावून निघाले. ट्राममध्ये टायची गाठ पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले. सभागृहात आम्ही मधल्या रांगेत बसलो. वॉल्टर म्हणजे उंच, किंचित वाकलेला, स्वच्छ पांढऱ्या केसांचा माणूस निघाला. एका डच बाईंनी त्याची ओळख करून दिली. वडील वकील. पहिलीच निवडणूक मोठ्या फरकाने जिंकलेली. मग तो स्वतः बोलायला उभा राहिला. छान बोलला. पुराच्या काळात आपण दिवसरात्र कार्यालयातल्या टेलिफोनपाशी होतो, असं त्याने सांगितलं. "सुदैवाने," तो हसत म्हणाला, "कारण मला पोहता येत नाही आणि होडीची भीती वाटते."

सभागृह हसलं. मी हळूच काकांकडे पाहिलं. ते शांतपणे मान डोलवत होते.

शेवटी लोक त्याला भेटायला रांगेत उभे राहिले. आम्हीही राहिलो. आमची पाळी आली. वॉल्टरने काकांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कुठून आलात आपण?"

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"रायस्वाइकहून," ते म्हणाले. "भाषण फार चांगलं झालं."

आणि बाजूला झाले.

परतीच्या ट्राममध्ये मला राहवलं नाही. "काका, तुम्ही ओळख का नाही दिलीत? की ते एका खोलीत राहिल्याचंसुद्धा..."

"ते खरं आहे. एका खोलीत होतो. डुकरंही खरी, फक्त त्याच्या मामाची. मागे केवढी रांग होती, पाहिलंस ना? त्याला आठवलं नसतं तर बिचाऱ्याची सगळ्यांसमोर किती पंचाईत झाली असती."

"आणि पियानो? खिचडी?"

काकांनी टाय सैल केला.

"सुधा अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी तिला पेपर वाचून दाखवायचो. एकदा त्यात वॉल्टर निवडून आल्याची बातमी आली. बारीकशी होती, कोपऱ्यात. तिला फार मजा वाटली. आपल्या नवऱ्याच्या खोलीतला मुलगा म्हणून. दुसऱ्या दिवशी विचारलं, आज काय केलं तुमच्या वॉल्टरने? मग रोज विचारायला लागली. दुखत असलं की जास्तच." ते थोडे हसले. "आता आपल्या पेपरात त्या राज्याचं रोज काय येणार? आणि खरा गव्हर्नर रोज करतो तरी काय, सह्या! मग मीच त्याला कामाला लावलं. कधी पूर आणला, कधी बर्फ पाडला. पियानो तिच्याच सांगण्यावरून वाचवला. मी नुसती म्हातारी काढली होती. ती म्हणाली, तिचं सामान?"

"मानसीला माहीत आहे हे?"

"ती तेव्हा इकडेच होती, नवी नोकरी. तिला कशाला सांगायचं."

ट्राम वळली. मला एकदम जाणवलं, की वॉल्टरच्या मामापर्यंत मला सगळं ठाऊक होतं आणि काकूंचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं होतं. इतक्या वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं. कुणीच विचारलं नसावं.

"काका," मी म्हटलं, "सुधाकाकू कशा होत्या?"

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर.

"हट्टी," ते म्हणाले. "आणि गायची भयंकर वाईट. पण गायचीच."

मग ते सांगत राहिले. आमचा थांबा आला आणि गेला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.