समुद्रावर अर्धा तास

भूगोलाच्या सरांनी एका शनिवारी सकाळी ठरवलं की चष्म्याचा सराव घरीच करायचा. चष्मा म्हणजे साधा नव्हे. शाळेने नुकताच घेतलेला, तोंडावर हेल्मेटसारखा बसणारा, घातला की भलतीच दुनिया दिसणारा. 'उद्याच्या जगासाठी विद्यार्थी तयार करायचे आहेत,' असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या. (विद्यार्थी केव्हाच तयार होते. प्रश्न सरांचा होता.) सोमवारी सातवीला समुद्र दाखवायचा होता.

समुद्र हा सरांचा हातखंडा विषय. भरती-ओहोटी शिकवताना ते टेबलावर हात असे फिरवत, की पहिल्या बाकावरच्या मुली पाय वर घेत. फक्त एक बारीकशी अडचण होती. सरांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. त्यांचं गाव, शाळा, सासुरवाडी, सगळं कोरड्या जमिनीवर. लग्नाआधी बायकोवर छाप पाडायला त्यांनी एकदा समुद्र पाहिल्याची थाप मारली होती, आणि ती थाप आता एकतीस वर्षांची झाली होती.

बायको स्वयंपाकघरात होती. सरांनी चष्मा चढवला, कानांत इअरफोनची बोंडं बसवली आणि दिसेल ते बटण दाबत सुटले. त्यातलं एक 'वर्गासोबत शेअर करा' असं होतं. सरांना वाटलं, हे सोमवारचं असणार. तिकडे सातवीच्या बेचाळीस घरांतले फोन वाजले.

आणि मग पाणी आलं.

निळसर, संथ, नजर संपली तरी न संपणारं पाणी. उजेड त्यावर हळूहळू डुलत होता, जणू कुणी मोठं माणूस झोपेत श्वास घेतंय. सरांना आपलं पोट, गुडघेदुखी, तपासायचे राहिलेले पेपर, काही म्हणता काही आठवेना. ते नकळत चालू लागले. पुढे, आणखी पुढे, गॅलरीचं दार ओलांडून.

"बाप रे! पाणी गार लागतंय!" सर ओरडले. "पायांना ओलंसुद्धा वाटतंय! काय टेक्नॉलॉजी आहे!"

"अहो, तो टब आहे! माझ्या चादरी भिजत घातल्यात त्यात!" बायको धावत आली.

कानात लाटा होत्या. त्यांच्यापलीकडून काहीतरी अस्पष्ट ऐकू आलं.

"किनाऱ्यावर एक पक्षी फारच कर्कश ओरडतोय," सरांनी निरीक्षण नोंदवलं.

बायकोचा हात चष्मा ओढायला पुढे गेला. तेवढ्यात सर सावकाश, धोतरासारख्या पसरलेल्या चादरीवर, टबातच बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"एकतीस वर्षं शिकवला," ते स्वतःशीच म्हणाले. "पोरांना खोटंच सांगत आलो. हिलासुद्धा. आज पहिल्यांदा बघतोय. हा एवढा असतो होय!"

चष्म्याखालून गालावर पाणी ओघळलं. ते मात्र टबातलं नव्हतं.

बायकोने हात मागे घेतला. शेजारी स्टूल ओढून ती बसली. सर समुद्र बघत होते, ती सरांना बघत होती. शेवटी फोन वाजायचा थांबेना, तेव्हा तिने अलगद चष्मा उतरवला.

"मुख्याध्यापिकाबाई विचारतायत," ती म्हणाली, "की सर समुद्रातून बाहेर कधी येणार? सगळ्या वर्गाने ऐकलंय."

सर टबातच पांढरेफटक पडले.

"आणि हिलासुद्धा म्हणालात, ते मीही ऐकलंय," बायको म्हणाली. "उठा आता. चादरी पिळू लागा."

सोमवारी सर वर्गात शिरले ते मान खाली घालून. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, आम्हीपण पाहिला नाहीये. तुम्ही नेहमीसारखा फळ्यावर काढा ना."

सरांनी फळाभर समुद्र काढला. इतका सुंदर त्यांना कधी साधला नव्हता. तास संपला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि सर तरंगत तरंगत शिक्षकांच्या खोलीत आले.

तिथे कॉम्प्युटरच्या मॅडम वाट बघत होत्या.

"सर, एक सांगू? रागावू नका. शनिवारी तुम्ही सरावाची फाइल लावलीत. त्यात तळं आहे. समुद्र अजून डाउनलोड व्हायचाय."

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"मुलांना कळलं होतं?"

"पहिल्या मिनिटालाच. खाली कोपऱ्यात 'तळं' असं लिहिलेलं असतं."

"मग एकानेही सांगू नये?"

"सगळी बेचाळीस मुलं ओरडून सांगत होती, सर. पण तुम्ही सुरुवातीलाच वर्गाला म्यूट केलं होतंत."

"त्यात नवीन काय?" सर खोल आवाजात म्हणाले. "ते तर मी एकतीस वर्षं चष्म्याशिवाय करतोय."