आईने ओ दिली

"आईला घरीच ठेव, त्या देवळाच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत," असं ताईने फोनवर बजावलं होतं. पण आई ऐकणाऱ्यातली नव्हती. "तुझ्या वडिलांचं वर्षाचं करायला निघालास आणि मी घरात बसून भाजी निवडू?" एवढं बोलून ती चपला घालून दारात उभीसुद्धा राहिली. लिफ्ट दुरुस्तीची कामं करणाऱ्या तिच्या मुलाने मोठ्या मुश्किलीने सुट्टी काढली होती. वाद घालण्यात ती घालवायला नको म्हणून त्याने निमूट कुलूप लावलं.

देऊळ फार जुनं. काळ्या दगडाचं, आत कायम ओल, आणि भर दिवसाही दिवे लावल्याशिवाय शेजाऱ्याचा चेहरा दिसायचा नाही. लोक तिथे देवापेक्षा पितरांसाठीच लांबून लांबून यायचे. तिथे केलेलं गेलेल्या माणसाला हमखास पोचतं, अशी त्या देवळाची ख्याती. त्यामुळे गर्दी इतकी, की एकेकाला वेगळे गुरुजी मिळण्याची सोयच नव्हती. मंडपात ओळीने पाट मांडलेले, प्रत्येक पाटासमोर पत्रावळीवर भाताचे पिंड, आणि समोर बसून एकच गुरुजी माइकवरून सगळ्यांना एकदम सांगायचे: आता पाणी सोडा, आता नाव घ्या, आता ठेवा.

आईला मागे एका खांबापाशी पिशव्या सांभाळायला बसवून तो ओळीत जाऊन बसला. वडिलांचा पिंड त्याने सावकाश ठेवला. आजोबा झाले, पणजोबा झाले. मग गुरुजी म्हणाले, "आता आई. ज्यांची आई हयात आहे..." आणि इथे लाउडस्पीकरने असा काही कर्कश सूर धरला की सगळ्यांचे हात कानांवर गेले. सूर थांबला तेव्हा गुरुजी म्हणत होते, "...नाव घ्या आणि ठेवा." शेजारच्या गृहस्थांनी नाव घेऊन पिंड ठेवला. यानेही आईचं नाव खणखणीत घेतलं आणि पिंड ठेवला.

"ओ," मागून आवाज आला.

ओळीतल्या सगळ्या माना वळल्या. आई गुडघ्यावर हात ठेवत, पिशव्यांसकट पुढे येत होती.

"हाक मारलीस का रे? काही विसरलं का घरी?"

शेजारच्या गृहस्थांनी आधी पिंडाकडे पाहिलं, मग आईकडे.

"या कोण?"

"आई," तो म्हणाला.

"कुणाची?"

"माझी."

गृहस्थ पाटासकट जरा पलीकडे सरकले.

गुरुजी माइक ठेवून उठून आले. "हयात असेल त्यांनी थांबा, असं सांगितलं होतं मी."

"ऐकू नाही आलं. उचलून ठेवू का परत?"

"ठेवला म्हणजे ठेवला. तो काय बाजारातला टोमॅटो आहे?"

आई वाकून त्या भाताच्या गोळ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "हा माझा?" तिने विचारलं. "बराच लहान केलायस," ती म्हणाली, आणि परत खांबापाशी जाऊन बसली.

येताना बसमध्ये ती पिशव्या मांडीवर घेऊन नुसती बाहेर बघत होती. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चहाचा वास आला नाही. सून उठून पाहते तर आई खिडकीपाशी खुर्चीत शांत बसलेली. पाणी भरलेलं नव्हतं, दूध तापवलेलं नव्हतं.

"आई, बरं नाही का वाटत?"

"छान वाटतंय."

"मग चहा..."

"तुम्ही घ्या. माझं आता काय राहिलंय? तिथलं हमखास पोचतं म्हणतात. माझं पोचलं."

सुनेला आधी वाटलं, रुसल्यात, संध्याकाळपर्यंत उतरेल. पण रुसलेलं माणूस भांडी आपटतं, जेवायला बोलावलं की दोनदा नको म्हणतं. आईचं तसं काही नव्हतं. पानावर वाढलं की ती खायची, ताट उचललं की हात धुवायची. फक्त तिला काही विचारायची सोय उरली नव्हती. मोठं पातेलं कुठे आहे? "असेल कुठेतरी." घरमालकाला काय सांगायचं? "तुम्ही आहात ना मागे राहिलेले, तुम्ही बघा." त्या घरात इतके प्रश्न आईला विचारले जात होते, हे पहिल्यांदाच उघड झालं. नवरा-बायकोची भांडणं आजवर तिच्यापाशी येऊन मिटायची. आता ती दोन दोन दिवस शिळी होऊन पडून राहू लागली.

इथवर निभावलं असतं. पण आईने रक्तदाबाच्या गोळ्याही सोडल्या.

"मेलेल्या माणसाला कसला आलाय रक्तदाब?" ती मुलाला म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

त्याने ताईला फोन केला. ताईने त्याला भरपूर सुनावलं आणि सल्ला विचारायला आत्याला फोन लावला. आत्याला अलीकडे कमी ऐकू यायचं. वहिनीचा पिंड पडला, एवढंच तिच्या कानात शिरलं. कुठल्याशा लग्नातल्या मानापमानावरून ती कित्येक वर्षं या घराची पायरी चढली नव्हती. ती डोळ्यांना पदर लावून दारात हजर झाली, आणि दार आईनेच उघडलं.

"ये," आई म्हणाली. "बातमी खरी आहे. बस."

आत्याला पाणी पाजून, फोनवर काय सांगितलं होतं ते समजावेपर्यंत सुनेच्या नाकी नऊ आले. भानावर आल्यावर आत्या रडत रडत म्हणाली, "वाटभर मी सगळ्या बसला सांगत आले, की माझ्या भावजयीसारखी बाई होणं नाही. माझ्या बाळंतपणात हिने रात्रंदिवस केलं माझं."

"हे मला कधी बोलली नाहीस."

"जिवंतपणी कोण बोलतं असलं?"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. "या बाजूला फार बरं आहे."

दुपारभर दोघी खिडकीपाशी बसून हळू आवाजात बोलत होत्या. निघताना आत्याने भाच्याला कोपऱ्यात घेतलं. "चेष्टा नाही ही. तिला खरंच परत यायचं नाहीये. काहीतरी कर."

तो तडक देवळात गेला. गुरुजी पत्रावळी गोळा करत होते. त्यांनी त्याला लगेच ओळखलं.

"यावर काही उतारा?" त्याने विचारलं. "शांती, अभिषेक, काहीही सांगा."

"इथं पाठवायची सोय आहे. परत आणायची नाही."

"गुरुजी, ती गोळ्या घेत नाहीये."

गुरुजींचे हात थांबले. ते पायरीवर टेकले. "माझीही चूक आहे. तो लाउडस्पीकर कधीचा बदलायचाय," ते म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "आमचे वडील सांगायचे, चुकून जिवंत माणसाचा पिंड पडला तर त्याचं आयुष्य वाढतं. यमाच्या दारात एकदा हजेरी लागली की पुन्हा लवकर बोलावणं येत नाही. खरं खोटं मी पाहिलेलं नाही. पण सांगून बघ."

बुडत्याला काडीचा आधार. तो धावतपळत घरी आला. आई खिडकीपाशीच होती. त्याने तिच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. गुरुजींचा "खरं खोटं" एवढा भाग तेवढा गाळला.

"वाढतं?" आईने विचारलं.

"हो."

"कितीनं?"

"ते नाही म्हणाले. पण बरंच."

आईचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती थकलेली दिसली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिकडे ती पाहत राहिली.

"तुझ्या वडिलांना मी सांगितलं होतं, येतेच मागोमाग म्हणून," ती अखेर म्हणाली. "वाटलं, झालं आपलं काम, आता नुसतं निघायचं. वर्षभर तेवढीच वाट बघत होते मी."

त्याने तिच्या पायावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला, मग बाजूला केला आणि खुर्चीचा हात धरून सावकाश उठली.

"एवढं राहायचं असेल तर असं बसून भागायचं नाही," ती म्हणाली. "आण त्या गोळ्या. आणि तिला विचार, मीठ कुठल्या डब्यात भरलंय. चार दिवस भाजी अळणी खातेय मी. मेलेल्याने बोलू नये, म्हणून गप्प होते."

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून डब्यांची आदळआपट ऐकू आली, पाठोपाठ सुनेचं "अहो, मी करते ना." तो मात्र रिकाम्या खुर्चीपाशी तसाच बसून राहिला. आत जाऊन आईची माफी मागायची, हे त्याचं ठरलं होतं. पिंड ठेवल्याबद्दल मागायची, की तिला मागे ठेवून घेतल्याबद्दल, एवढंच ठरत नव्हतं.