झरीच्या मोरीवर आडवी गाडी

"हे बघा, आज काय तो निकाल लावा," कविता लाटणं खाली ठेवत म्हणाली. "या घरात ते यंत्र राहील, नाहीतर मी राहीन."

यंत्र म्हणजे काडेपेटीपेक्षा जराशी मोठी काळी डबी. इलेक्ट्रिक गाडीच्या स्टीअरिंगखाली एक खोबण असते, तिच्यात ही डबी खोचायची आणि मोबाईलला जोडायची. मग मोबाईल गाडीच्या बॅटरीची तब्येत टक्क्यांत सांगतो. दिपक सावेचं डहाणू रोडला झेरॉक्सचं दुकान होतं, दारात छोटी इलेक्ट्रिक गाडी होती आणि डबी येईपर्यंत जिवाला कसला घोर नव्हता. डबीने पहिल्याच दिवशी चौऱ्याण्णव आकडा दाखवला आणि दिपक हादरला. गाडी घेताना शंभर असणार. मग सहा टक्के गेले कुठे?

त्या दिवसापासून दिपक सकाळी दात घासायच्या आधी आकडा बघू लागला. सावलीत उभी केली तर काय होतं, उन्हात काय होतं, याचा अभ्यास सुरू झाला. मे महिन्यात एसी बंद ठेवून त्याने कविताला उंबरगावला नेलं. ती बिचारी डोक्यावर ओला नॅपकिन घेऊन बसली होती. मेव्हण्याच्या साखरपुड्यात तर तो जिलबीच्या पहिल्या घासाला पंगतीतून उठला आणि गाडीत जाऊन बसला. परत आला तो चेहरा पाडूनच. "त्र्याण्णव झाले," त्याने कविताच्या कानात सांगितलं. शेजारच्या आजींना वाटलं, कोणीतरी गेलं. त्यांनीही घास खाली ठेवला.

"डबी टाकून द्या," कविता म्हणाली.

"टाकली तरी आकडा कळायचा राहतो का? उलट न बघता जीव जास्त टांगणीला लागेल." दिपकने खूप विचार केल्यासारखं तोंड केलं. "त्यापेक्षा गाडीच विकतो. गाडी नसली म्हणजे आकडाही नाही."

डोकं दुखतं म्हणून डोकंच उतरवून ठेवावं असा हा उपाय होता. पण कविता इतकी कावली होती की त्यालाही तयार झाली. अट एकच. येत्या रविवारी संध्याकाळी घरी येताना ती डबी बरोबर दिसता कामा नये, दिसली तर ती सरळ माहेरी जाणार. दिपकने कबूल केलं आणि गिऱ्हाईक शोधलं. तलासरीच्या पलीकडे झरीला राहणारा मुकेश. त्याला गावातल्या कामगारांना अच्छाडपर्यंत ने-आण करायला गाडी हवी होती. फोनवर सगळं जुळलं. "फक्त एकदा आमचे मामा बघतील," मुकेश म्हणाला.

हिरूमामा हे त्या भागातलं बैलांमधलं मोठं नाव. बाजारातून बैल आणायचा तर लोक आधी मामांना गाठत. घरात चार पायांवर किंवा चार चाकांवर जे काही येईल, ते मामांच्या नजरेखालून गेल्याशिवाय येत नसे. मामा सगळ्यांनाच अरेतुरे करत, तलाठी असो की पोलीस पाटील.

रविवारी सकाळी दिपक गाडी घेऊन झरीला पोहोचला, तेव्हा मामा खांद्यावर टॉवेल टाकून वाटच बघत होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, मग दुसरी उलटी मारली आणि पुढच्या बाजूला उकिडवे बसले.

"याचं तोंड कुठं?"

दिपकने चार्जिंगचं झाकण उघडून दाखवलं. मामांनी आत टॉर्चचा उजेड पाडून नीट बघितलं.

"काय खाते?"

"वीज, मामा."

"कदी?"

"रात्रभर लावून ठेवायची. दिवसभर चालते."

"आमचा बैल रातीला बी खातो नि दिसाला बी खातो," मामा विचारात पडले. "नि आवाज कसा नाय करत? मुकं जनावर वाईट. दुखलं-खुपलं तरी कळाय नाय."

दिपक याच क्षणाची वाट बघत होता. "म्हणून तर हे यंत्र आहे मामा! पोटात काय चाललंय ते सगळं सांगतं." डबी खोबणीत होतीच. गेला आठवडाभर तो ती काढतच नव्हता, कारण रोज काढ-घाल करायला हात पुरत नव्हते. त्याने अभिमानाने मोबाईल पुढे धरला. "त्र्याण्णव टक्के!"

मुकेशचा चेहरा उजळला. मामांचा मात्र पडला.

"शंभरातलं तिराण्णव धड?"

"हो!"

"मग इकतोस कशाला?"

दिपकने या प्रश्नाचा विचारच केला नव्हता. "माझी... बदली झाली."

"तुझं तर दुकान हाय ने? दुकानाची बदली व्हते?"

"तसं नाही, मोठी गाडी घ्यायचीय."

"घरात माणसं किती?"

"दोन."

मामांनी मुकेशला बाजूला घेतलं, पण आवाज बाजूला घेतला नाही. "पोऱ्या, खोड हाय. धड जनावर खुंटीवरून कोन सोडत नाय. ऐंशी बोलला असता तरी मी घेतलं असतं. तिराण्णव बोलतो, म्हंजे नक्की कायतरी दडवतो."

ज्या आकड्यापायी दिपकने साखरपुड्याची जिलबी सोडली, तो आकडा आता जास्त ठरत होता. खरं कारण सांगावं तर मामा कविताची बाजू घेतील, ही भीती वेगळीच. गाडी परत घेऊन गेलो की डबीही परत, डबी परत की कविता माहेरी, हे त्याला लख्ख दिसत होतं.

"चालवून बघा ना मामा. पाहिजे तसं बघा."

मामांनी पाहिजे तसं बघितलं. पुढे पळवायला लावली, मागे पळवायला लावली, चढावर थांबवायला लावली. मग म्हणाले, "आता कुशीतून बघू. सपाटीला आडवी उभी कर. पाय सरळ हायत का वाकडे, ते आडव्या जनावराचंच कळतं."

झरीच्या त्या रस्त्यावर सपाटी एकाच ठिकाणी होती, ओहोळावरच्या नव्या मोरीवर. बाकी सगळा खड्डा. मोरी रुंदीला जेमतेम गाडीच्या लांबीएवढी आणि दोन्ही बाजूंना कठडा नाही. खाली गुडघाभर पाणी आणि त्याखाली त्याहून जास्त चिखल. दिपकने पुढे-मागे, पुढे-मागे करत गाडी आडवी केली. एका टोकाला गाडीचं नाक ओहोळावर, दुसऱ्या टोकाला शेपूट.

"आता चारी दारं उघड. नि बंद कर, ऊर धडधडतं का बघतो."

दिपकने दारं उघडली, गाडी बंद केली आणि खाली उतरला. मामांनी बॉनेटला कान लावला. बराच वेळ लावला.

"काय नाय ऐकू येत."

"बंद आहे ना मामा. थांबा, चालू करतो."

त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. गाडीचा समोरचा पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला. दिपकने बटण जोराने दाबलं, हळूच दाबलं, बोटाने दाबलं, अंगठ्याने दाबलं. मग त्याची नजर स्टीअरिंगखाली गेली. डबीचा हिरवा दिवा मिणमिणत होता. तोही त्याच्या देखत विझला.

मग त्याला आठवलं. डबीबरोबर आलेल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की काम झालं की यंत्र काढून ठेवा. गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी गाडी चालवते, बारकी त्या मोठीला जागी करते. डबी आठवडाभर बारकीच्या जिवावर जागत बसली होती आणि बारकीचा शेवटचा जोर सकाळी गाडी सुरू करण्यातच गेला होता. मोठी बॅटरी त्र्याण्णव टक्के ठणठणीत होती, फक्त तिला उठवणारं कोणी उरलं नव्हतं. तब्येत बघून बघूनच त्याने पेशंट आडवा केला होता.

"ढकलू या?" मुकेश म्हणाला.

"चाकं लॉक आहेत. करंट आल्याशिवाय सुटत नाहीत."

मामा पहिल्यांदाच हसले. पण काही बोलायच्या आत पलीकडून लग्नाच्या बेंजो-बाजाचा आवाज आला.

गावातल्या चैत्याचं लग्न होतं. नवरी मोरीच्या अलीकडच्या पाड्यावर आणि वऱ्हाड पलीकडून येत होतं. पुढे नाचणारी पोरं, मध्ये छत्रीखाली हळदीने पिवळा झालेला चैत्या, त्याच्या मागे बायका आणि सगळ्यांच्या मागे बेंजोची पिकअप. नाचणारी पोरं नाचतच मोरीवर आली आणि गाडीपाशी थांबून जागच्या जागी नाचू लागली.

"हटवा ने ती!" पिकअपवाला रघ्या ओरडला.

"हटत नाही!"

चैत्याची आत्या बायजी पुढे झाली. उभी-आडवी बाई, कमरेला पदर खोचलेला. तिने गाडी बघितली, मामांना बघितलं आणि दिपककडे बघितलंही नाही. "हिरू, ये काय लावलंस?"

"कुशीतून बघत व्हतो."

"लगनाच्या दिसाला?"

"खालून जा ने वहाळातून."

"हळद लागलीय त्याला! पाय पान्यात घालू? नि वरात मागं फिरवाय नाय, ते तर तुना बी ठावं हाय."

मोरीच्या दोन्ही टोकांना माणसं जमली. बायजीने उघड्या दारांकडे बघितलं. या बाजूचं मागचं दार उघडं, त्या बाजूचंही उघडं, मध्ये सीट.

"ही काय, वाट हायच," ती म्हणाली. पदर सावरून ती आत शिरली, सीटवरून सरकली आणि दुसऱ्या बाजूला उतरली. तिकडून तिने हात केला. "चला!"

आणि झरीच्या वऱ्हाडाने दिपक सावेच्या गाडीतून जायला सुरुवात केली. नाचणारी पोरं वाकून नाचत गेली. छत्री आतच उघडी राहिली म्हणून चैत्या अडकला, त्याला मागून ढकलून आणि पुढून ओढून काढला. सीटला त्याची हळद लागली. ढोलवाल्याने ढोल आधी सरकवला, पण तो मध्येच बसला, तेव्हा त्याने तो आतल्या आत वाजवूनच सोडवला. काही पोरांना मजा वाटली, ती पुढच्या दाराने परत येऊन पुन्हा रांगेत लागली. एक म्हातारबाबा सीटवर टेकले ते उठेनात. "बसाय बरं हाय," ते म्हणाले. "सुटेल तवा सांगा." त्यांच्या मांडीवरून पुढचं वऱ्हाड गेलं. दिपक दाराशी उभा राहून, का कोण जाणे, प्रत्येकाला "डोकं सांभाळा, डोकं सांभाळा" सांगत होता.

माणसं संपली आणि पिकअप उरली.

"मी कसा जाऊ?" रघ्या म्हणाला. "मना बी आतून घालता का?"

"तुझ्याकडे वायरी आहेत?" दिपकने विचारलं. "बॅटरीला बॅटरी जोडायच्या?"

बेंजोवाल्याकडे वायरींना काय तोटा! रघ्याने पिकअप गाडीच्या कुशीला नाक लागेल अशी आणली, लांब वायरी जोडल्या आणि कोणालातरी बाजा चालू ठेवायची हुक्की आली. बेंजोच्या दणदणाटात दिपकने बटण दाबलं. पडदा उजळला. आतले म्हातारबाबा "सुटली, सुटली!" म्हणून ओरडले.

दिपकने गाडी मोरीवरून काढली, पिकअप वाजत गेली आणि तो मुकेशसमोर मान खाली घालून उभा राहिला. "माफ करा. घेऊन जातो मी परत."

"थांब," मामा म्हणाले. त्यांनी बॉनेटवर जोरात थाप मारली. "मुकेश, घे ही."

"मामा? आता तर बंद पडली!"

"म्हनून तर. आता खोड कळली. मदेच बसते, दुसऱ्याचं रगत दिलं का उठते. नि अख्खं वऱ्हाड पोटातून गेलं, पन बिचकली नाय, लाथ नाय मारली. मना खोड कळलेलं जनावर पायजे."

दिपकच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्याने खाली वाकून डबी उपटली आणि मामांच्या हातात कोंबली. "हेही घ्या. असंच."

मामा दोन पावलं मागे सरले. "ते दावं."

"काय?"

"जनावर देतात, दावं नाय देत. दावं मालकाच्या खुंटीला ऱ्हातं. असाच रिवाज हाय."

"मामा, ही डबी आहे, दोरी नाही!"

"तिच्यानं बांदली व्हती ने? मंग दावंच."

"घ्या ठेवून, दिपकभाई," मुकेश हळूच म्हणाला. "नायतर सौदा मोडतील."

संध्याकाळी दिपक जीपने डहाणूला उतरला आणि घरापर्यंत शक्य तितकं हळू चालला. कविताने दार उघडलं. मागे गाडी नाही, हातात डबी.

"मी डबी नको म्हटलं होतं," ती सावकाश म्हणाली. "गाडी नको असं मी कधी म्हटलं?"

दिपकने सगळं सांगितलं. म्हातारबाबांपर्यंत आल्यावर ती ओठ चावून हसू दाबत होती. माहेरी जायचं राहून गेलं. गाडीच नाही, तर डबी काय खोचणार, कपाळाला? तिनेच ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली.

पुढच्या रविवारी दारात हॉर्न वाजला. गाडीतून मुकेश, मामा, बायजी, चैत्या आणि त्याची नवी नवरी उतरले.

"दावं हितं हाय, म्हनून जनावर दाखवाय आनलं," मामा म्हणाले. "तब्येत बग."

दिपक आंघोळीला गेला होता. कविताने आधी चहा टाकला, मग खिळ्यावरची डबी काढली आणि बाहेर जाऊन ती स्वतःच खोचली. दिपकच्या मोबाईलवर आकडा आला. तिने पदराने पडदा पुसला आणि पुन्हा बघितला.

"ब्याण्णव?" तिचा आवाज चढला. "अहो, आठ दिवसांपूर्वी त्र्याण्णव होती! मुकेशभाऊ, उन्हात उभी करता का हिला?"

"नाय वहिनी, झाडाखाली असते."

"मग एसी लावला असेल."

चैत्याने नवरीकडे बघितलं, नवरीने खाली.

"बाई, मी मे महिन्यात डोक्यावर ओला नॅपकिन घेऊन उंबरगावला गेलेय," कविता म्हणाली. "तेव्हा कुठे हिची तब्येत राहिली."

इतक्यात टॉवेल गुंडाळलेला दिपक धावत बाहेर आला. "किती? किती आले? बघू!"

"तुम्ही आत जा," कविता मोबाईल पाठीमागे घेत म्हणाली. "तुम्हाला सोसत नाही." मग ती मामांकडे वळली. "पुढच्या रविवारी आणाच परत. मधेआधे काही वाटलं तर फोन करा. मला करा, यांना नको."