माकुलीचं बारसं

वसईच्या बाजारात माकूल, म्हणजे स्क्विड, घेण्याआधी लोक भाव विचारतात. आमचे इनास सर आधी तिचे दात बघतात. होय, दातच! माकुलीच्या हातांवर चिकटून धरायला इवल्या इवल्या वाट्या असतात ना, त्या प्रत्येक वाटीच्या कडेला दाते असतात. सर खिशातून भिंग काढून पाटीवर ओणवे होतात आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. सुरुवातीला कोळणी शिव्या घालायच्या, आता त्यांनी हात टेकलेत. एक जण तर सर दिसले की माकुलींनाच सांगते, "डॉक्टर आले, आ करा गो."

सर आमच्या इमारतीसमोरच्या केळीच्या वाडीत राहतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी मूळचा कराडकडचा. मासा असावा तर नदीतला, समुद्रातलं ते सगळं रबर, असं माझं ठाम मत होतं. ते मत सरांच्या पत्नीने, कार्मेलीनबाईंनी, एका जेवणात मोडून काढलं. त्यांच्या हातच्या भरल्या माकुली खाल्ल्या आणि तेव्हापासून दर रविवारी मी निर्लज्जासारखा त्यांच्या ओटीवर जाऊन बसतो. सर चर्चमधल्या मिस्साहून आले की आधी व्याख्यान, मग जेवण. जगात फुकट काहीच मिळत नाही.

व्याख्यानाचा विषय एकच. आपल्याकडे जी माकूल मिळते तिच्यात अधूनमधून एक वेगळी येते. दिसायला अगदी सख्खी बहीण, पण हिचे दाते बोथट, आणि अंगात जो पारदर्शक कणा असतो तो जरा रुंद. "सारखी आहे शिंदे, पण तीच नाही!" हे सरांचं लाडकं वाक्य. ते वाक्य ते चहापासून नगरसेवकापर्यंत कशालाही लावतात. मी एकदा मिशी काढून गेलो, तर भिंग काढतात की काय अशी मला धास्तीच वाटली.

सरांचं म्हणणं, ही आपल्या उष्ण समुद्रातली नवी पोटजात आहे आणि शास्त्राने ती तशी मान्य केली पाहिजे. आता हे चारचौघांत बोलायची सोय नाही. पोटजात म्हटलं की लोकांचे कान टवकारतात. मनवेलपाड्याच्या माझ्या साडूने तोंडावर विचारलं, "सर, आहेत त्या कमी पडल्या का?" सर शांतपणे म्हणाले, त्या माणसांनी केल्या, ही देवाने केलीय.

त्यांचा लेख दोनदा परत आला. आधी म्हणे नमुने कमी आहेत, मग म्हणे हा फरक ऋतूमुळे पडत असेल. दुसरा कोणी असता तर नाद सोडून वाडीला पाणी घालत बसला असता. सर सत्तरी ओलांडलेले, गुडघे कुरकुरणारे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. पण त्यांनी पुन्हा पाटीत मान घातली. पावसाळ्यात होड्या बंद व्हायच्या आधीची माकूल, नारळी पौर्णिमेनंतरची माकूल, नर, मादी, सगळं नव्याने मोजलं. बँकेत दुसरी फेरी मारावी लागली तर चिडणारा मी माणूस! मला नसतं जमलं, बाबा.

एवढा आटापिटा कशासाठी, असं मी एकदा विचारलंच. म्हणाले, "नाव ठेवायचंय."

मी म्हटलं, लोक तुम्हाला ठेवतात तेवढी नावं पुरे नाहीत का? ते खो खो हसले. पण कोणतं नाव ठेवणार, ते काही सांगेनात. स्वतःचं द्यायची रीत नाही म्हणे. मग काय, गावभर सूचनांचा पाऊस. फादरांनी एक संत सुचवले, साडूने त्याचा नेता सुचवला. माझा अंदाज कार्मेलीनबाईंवर होता, कारण एवढी वर्षं माकुली साफ करून करून त्या माउलीच्या हातांची शाई जात नाही. बाईंनी मला बजावलं, "माझा नाव दिला तर जेवन बंद."

यंदा लेख स्वीकारला गेला. छापण्याआधी तपासायची प्रत आली, त्या रविवारी मी ओटीवरच होतो. सर चष्मा सावरून ते तीन शब्दांचं लॅटिन नाव मोठ्याने वाचू लागले. पहिले दोन शब्द माझ्या डोक्यावरून गेले. तिसरा मात्र स्वच्छ ऐकू आला. "सिसिलिये."

आत भांडं आपटलं. कार्मेलीनबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुनाला हाक मारली?"

मीही वळून वाडीच्या फाटकाकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"हाक नाही गो," सर म्हणाले. "लॅटिन आहे. सिसिलियाची असं म्हणायचं तर तिथे सिसिलिये म्हणतात."

बाई दाराची चौकट धरून खाली बसल्या. मग सरांनीच मला हळू आवाजात सांगितलं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती. बाप्तिस्म्याआधीच गेली. नाव दोघांनी ठरवलेलं होतं, पण त्या नावाने तिला हाक मारायची वेळच आली नाही. पुढे मूल झालं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

बाईंनी एवढंच विचारलं, "उद्या कोनी नाव पुसला तर?"

"पुसता येत नाही," सर म्हणाले. "उद्या कोणी सिद्ध केलं की ही वेगळी नाहीच, तरी नाव नोंदीत राहतं. तसा नियमच आहे."

बाई उठून आत गेल्या. त्या दिवशी ताटात डाळ, भात आणि लोणचं आलं. मी मूर्खासारखा विचारून बसलो, सकाळच्या माकुलींचं काय झालं?

"शेजारी देऊन टाकल्या," भात वाढता वाढता बाई म्हणाल्या. "घरच्या पोरीला कोन खातं, भाऊ?"

त्या माकुली साध्या होत्या, वेगळ्या पोटजातीच्या नव्हत्या. सकाळी बाजारात सरांनी स्वतः त्यांचे दाते पाहिले होते. सरांनी डाळ-भात कालवला आणि खाली मान घालून जेवले.