मिठाची लाइन

"मैदानाचं माझ्यावर सोडा," गहिनीनाथ सर प्राचार्यांना म्हणाले. "अंपायर फूटपट्टी घेऊन आला तरी लाइन तसूभर वाकडी निघायची न्हाई."

प्राचार्य सुंदरराव खिडकीतून बाहेर बघत होते. कॉलेजचं अर्धं मैदान दुष्काळी छावणीला गेलं होतं. सहकारी दूध संस्थेने तिथे मांडव घातले होते आणि सिरसाळ्यापासूनच्या गावांची ढोरं दावणीला होती. उरलेल्या अर्ध्यात मुलींच्या सॉफ्टबॉलचा पहिलाच हंगाम चालू होता. कडब्याच्या ट्रॅक्टरच्या वेळा सांभाळत सराव करून संघाने दोन सामने मारले होते. आता गाठ अंबाजोगाईच्या संघाशी. जिंकलं तर विद्यापीठाची स्पर्धा. हरलं तर उरलेलं मैदानही छावणीला. हे सुंदररावांनी हसत हसत सांगितलं होतं, म्हणजे ते नक्की होतं.

अडचण एकच. चुना नव्हता. गावातला होता नव्हता तो सगळा छावणीत माश्यांवर खर्ची पडला होता. राख वाऱ्यावर जायची, आणि पिठाला हात लावला असता तर घरात जेवण मिळालं नसतं. शेवटी संस्थेच्या गोदामात सरांना जाड्या मिठाची पोती दिसली. मीठ पांढरं असतं. मीठ उडत नाही. इतकी सोपी गोष्ट अजून कुणाला सुचली कशी नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांचा स्वतःचा जन्म गोठ्याला लागून असलेल्या खोलीत झाला होता, हे मात्र त्या आनंदात ध्यानात राहिलं नाही.

सकाळी लाइन पडली. सुतात, देखणी. संघाची पिचर आणि कप्तान अंजना, म्हणजे सरांचीच मुलगी. घरी ती त्यांना आप्पा म्हणे, मैदानावर सर.

"सर, हे मीठ हाय," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"अन् ढोरं?"

"ढोरं दावणीला हायत. तू बॉल टाकायचं बघ."

तिसऱ्या इनिंगपर्यंत सर जगातले सर्वांत सुखी क्रीडाशिक्षक होते. मग एक वासरू सुटून आलं, लाइनीला नाक लावून थबकलं आणि जीभ काढली. ही बातमी दावणीला कशी पोचली कोण जाणे. खुंटे हलायला लागले. छावणीतल्या बायडाबाईची म्हैस तर खुंट्यासकट आली, आणि पाठोपाठ पंगत बसावी तशी ढोरं लाइनीला लागली.

"बाई, म्हैस आवरा," सर धावत गेले.

"कावून आवरू? म्हैना झाला, उसाच्या वाळक्या वाढ्याला तोंड लावीना. आज चवीनं खाती तर तुमच्या डोळ्यावर आली."

"ती लाइन हाय, बाई."

"मंग मांडायची न्हाई. वाढायचं अन् ताटावरनं उठवायचं, ही कुठली रीत?"

बीडहून आलेले अंपायर उत्तरेश्वर सर तोवर शिट्टी वाजवून दमले होते. "लाइन न्हाई तर सामना न्हाई," ते म्हणाले. "चहा पिऊन होईस्तोवर थांबतो. न्हाईतर अंबाजोगाई विजयी."

सरांनी चौफेर पाहिलं. ढोरांची दावी मातीच्या रंगाची. जाळी फाटकी. मग त्यांची नजर मांडवाच्या सावलीत गेली. तिथे छावणीतले म्हातारे सामना बघत बसले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पांढराशुभ्र पटका होता.

"पटका?" कडेचे एक म्हातारे म्हणाले. "सुतकाबिगर आमचा पटका उतरत न्हाई, मास्तर."

"अन् ते बी पोरींच्या खेळापायी?" दुसरे म्हणाले.

त्याच ओळीत सरांचे वडील धुळाजी होते. त्यांचे दोन बैल छावणीत होते. सर त्यांच्यापुढे उकिडवे बसले.

"दादा."

"जल्म ढोरात गेला," धुळाजी म्हणाले, "अन् मिठाची लाइन आखतोस. ते शिक्षण केल्तं नं तू? बीएड का काय?"

"बीपीएड."

"त्यात ढोरांचं काई न्हवतं?"

"दादा, पोरीचा सामना जातोय."

धुळाजींनी पटक्याचं टोक मोकळं केलं आणि सोडत गेले. त्यांचं टक्कल गावाने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. मग बाकीच्यांचाही इलाज चालेना. उघड्या डोक्याच्या माणसाशेजारी पटका बांधून बसणं बरं दिसत नाही. पटके मैदानावर अंथरले गेले, खुंट्यांनी ठोकले गेले. अंपायरने कप ठेवला आणि मान डोलावली.

शेवटची इनिंग आली तेव्हा यजमान एका रनने पुढे होते. अंबाजोगाईच्या दोन मुली आऊट झाल्या होत्या, दोन बेसवर टपून होत्या. अंजनाने बॉल टाकला. समोरच्या पोरीने तो असा हाणला की तो कडेकडेने जाऊन पटक्यांपाशी पडला, उसळला आणि ढोरांत शिरला. नेमकी त्याच वेळी बायडाबाईची म्हैस अंपायरच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. बेसवरच्या दोघी धावून होम प्लेटला पोचल्या. बॉल लाइनीला शिवला असेल तर ते दोन रन आणि सामना त्यांचा. बाहेर पडला असेल तर फाऊल, काहीच झालं नाही.

"मला म्हैस दिसली," अंपायर म्हणाले. "शंका हाय, तवा फाऊल. परत टाका."

पोरी आपापल्या जागी परतल्या. सर पटक्यांकडे वळले आणि जागीच थांबले. धुळाजींच्या पटक्यावर मुरमाचा तांबडा, गोल ठसा होता. कपाळावर टिळा लावावा तसा, बरोबर मधोमध. मिठाची लाइन असती तर म्हशीने पुरावाही चाटून नेला असता.

धुळाजी आधीच पोचले होते आणि कापड गोळा करत होते. "टोक ढिलं झालंय. नीट घालतो."

"दादा, राहू द्या."

"गप बस. काई न्हाई तिथं."

"आप्पा," अंजना म्हणाली. मैदानावर ती असं कधी म्हणत नसे.

"दिसलंय मला," सर म्हणाले. त्यांनी एकदा प्राचार्यांच्या खिडकीकडे पाहिलं, मग अंपायरला हाक मारली.

उरलेलं मैदान त्याच आठवड्यात छावणीला गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर संघ घेऊन गावच्या तलावात उतरले. पाणी नव्हतंच, जागा भरपूर होती, आणि पुढचा हंगाम काही फार लांब नव्हता.

धुळाजींचा पटका धुवायला टँकरचं पाणी कोण देणार? ठसा तसाच राहिला. एसटी स्टँडवर जो तो विचारी आणि धुळाजी अख्खा सामना सांगत. पाडव्यापर्यंत त्या सामन्यात अंजनाचा संघ जिंकायला लागला होता. एकदा गहिनीनाथ सर बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यांनी दुरुस्ती केली नाही. फलाटाला लागलेली एसटीही जाऊ दिली. विद्यापीठाच्या स्पर्धेत पुढे काय झालं, ते त्यांनाही ऐकायचं होतं.