ठोकून पाहिलेला दात

“हिरड्या सुजल्यात माझ्या. हाड कुठं मोडलंय, एक्स-रे काढायला?” सुतारमामांनी दवाखान्याच्या खुर्चीत पडल्या पडल्याच विचारलं.

“सूज वरून दिसते, मामा. खालचं हाड किती झिजलंय ते नाही दिसत,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ते कळल्याशिवाय उपचार कसा ठरवू? हा पुढचा दात मला बरा वाटत नाही.”

याच दवाखान्याच्या खिडकीची चौकट मामांनी गेल्या वर्षी बदलली होती. “वरून नुसता रंग मारा” म्हणणाऱ्या बाईंना त्यांनी चौकटीत पटाशी खुपसून वाळवीनं केलेला आतला भुसा दाखवला होता. पण ते लाकूड होतं. हे स्वतःचं तोंड. मामा उठून घरी आले.

आरशासमोर उभं राहून त्यांनी पेचकसाच्या मुठीनं पुढचा दात ठोकला. टण्ण! “ऐकलंस? सागवान आहे, सागवान!”

“दुसऱ्याचं दार असतं तर आरपार भोक पाडून बघितलं असतंत,” मामी म्हणाल्या. त्यांना घोर त्याच दाताचा होता. रंधा थांबला की मामा त्या दाताला जीभ लावून शीळ घालायचे, ती अंगण ओलांडून स्वयंपाकघरात पोचायची आणि चहाचं आधण चढायचं. तीस वर्षांत चहासाठी त्या घरात हाक म्हणून पडली नव्हती.

मामींची खात्री पटावी म्हणून दात रोज ठोकला जाऊ लागला. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा. पाहुणे आले तर त्यांच्यासमोरही. हळूहळू टण्णचा ठक्क झाला, ठक्कचा थप्प. मामांनी पेचकस बदलला.

सहाव्या महिन्यात त्यांनी सवयीनं दातांत धरलेला खिळा ओढला, तर खिळ्याबरोबर दातही हातात आला.

मग एक्स-रे निघाला. पडद्यावर शेजारच्या दोन दातांभोवती काळ्या पोकळ्या दिसत होत्या.

“वाळवीच की ही,” मामा पुटपुटले.

“हे दोन वाचवू आपण.”

“आणि तो? तेव्हाच फोटो काढला असता तर?”

डॉक्टरीणबाई खिडकीच्या चौकटीकडे बघत राहिल्या. “वाचला असता बहुतेक.”

संध्याकाळी रंधा थांबला. मामांनी ओठ मुडपून फुंकलं. फटीतून नुसता वारा गेला, भुशाचे चार कण उडाले. पुन्हा फुंकलं. पुन्हा वाराच. त्यांनी पेचकस उचलून हत्यारांच्या पेटीत अगदी तळाशी घातला.

मान वर केली तर दारात मामी, हातात वाफाळता कप.

“ऐकू आली?” मामांनी आशेनं विचारलं.

“नाही,” मामी म्हणाल्या. “ऐकू आली नाही, म्हणून तर आले.”